ऐकलेलं डावीकडे, समजलेलं उजवीकडे

उकडलेल्या शिंगाड्याचं टरफल काळं असतं. त्याला दोन शिंगं असतात आणि ती अनवाणी पायात बाभळीच्या काट्यासारखी घुसतात.

*

वरोऱ्याकडे काळी माती. कापूस, सोयाबीन. निकेश उरकुडेनं कॉलेजात येईपर्यंत धानाचं रोप पाहिलं नव्हतं. भात मात्र रोज खात होता.

*

जुनं लुगडं फाडायचं, चिंध्या एकेका बोटाला गुंडाळायच्या, वरून खोबरेल तेल. तरी हात जळतातच.

*

वर्तक सरांनी फळ्यावर लिहिलेलं पहिलं वाक्य: पानाच्या मधोमध रेघ मारा. ऐकलेलं डावीकडे, समजलेलं उजवीकडे.

*

खेड्यातला माणूस ‘डाक्टर’ म्हणतो. टाइप करणारा ‘डॉक्टर’ लिहितो. याला कोणी चूक म्हणत नाही.

*

डिंपल शेंडे चंद्रपूरला आल्यापासून ‘तलाव’ हा एकच शब्द वापरायची. तिच्या घरी साचलेल्या पाण्यासाठी बरेच शब्द होते.

उजवीकडे

२००४ चा फेब्रुवारी. चंद्रपुरातल्या एका कॉलेजच्या मागच्या खोलीत, भिंतीवर टाचणीनं लावलेला कागद:

“साहेब, जंगूची बॉडी धनराजने बुजवून टाकली. भरदिवसा. ट्रॅक्टर लावून वर माती लोटली, सपाट केली. तुम्ही लवकर या, नाहीतर तो त्यावर पेरून टाकेल. मग कोणाला दिसणार नाही. मी नाव सांगत नाही.”

खोली गुन्हे आणि गुप्तवार्ता विश्लेषणाच्या पदविका वर्गाची. वर्ग इतका नवा होता की घरच्यांना तो समजावून सांगणं हाच पोरांचा पहिला गृहपाठ होता. सरिता रामटेकेचा मामा राजुऱ्याला कोळशाच्या खाणीत होता. त्यानं विचारलं होतं, “म्हंजे तू पोलीस होशीन?” “नाई.” “मंग चोर?” “चोर कसा विचार करते ते शोधीन.” मामा म्हणाला, “त्याले कॉलेज कायले पायजे? माझ्या साहेबाले इचार.”

शिकवणारे वर्तक सर पुण्याचे, गुप्तवार्ता विभागातून निवृत्त झालेले. कागद सरावाचा नव्हता. गडचिरोलीच्या जंगलातल्या एका ठाण्यावर हा फोन आला होता. त्या भागात ठाण्याच्या फोनला टेप जोडलेला असे. लाइन खरखरत होती आणि फोन घेणारा शिपाई सांगलीकडचा होता. त्याला अर्धंच कळलं. ठाणेदारानं कॅसेट सरांकडे पाठवली, पोरांकडून उतरवून द्या म्हणाला. निकेशनं ती उतरवली. सरांनी कागद हातात धरून टेप ऐकला, मान डोलावली. जीप कागद घेऊन परत गेली; कॅसेट निकेशकडे राहिली आणि कागदाची प्रत शुक्रवारी भिंतीवर लागली.

त्यावरून चिचटोला या वस्तीतल्या धनराजला उचललं. धनराज ढिवर, मासे धरणारा, थोडं धान लावणारा. त्याच्या शेजारच्या वावराचा जंगू आत्राम गावात दिसत नव्हता, हे खरंच होतं. पुढचं ठाणेदारानं फोनवर सांगितलं आणि सरांनी ते वर्गाला वाचून दाखवलं, आवाज न चढवता.

“जंगूची बॉडी कोणी बुजवली?”

“म्या.”

“का?”

“काई कामाची नव्हती, साहेब. नुसती वास मारे.”

“एकट्यानं?”

“एकट्यानं कशी होते? ट्रॅक्टरवाला होता.”

“आणि जंगूला मारलं कोणी?”

“मारलं? म्या कोणाले नाई मारलं.”

“जिल्ह्यावरून जेसीबी आणून धनराजच्या वावराची कड खणली,” सर म्हणाले. “काळा ओला गाळ, शिंपले, शिंगाड्याची टरफलं, फाटक्या जाळ्याचा तुकडा. प्रेत नाही. ठाणेदारांचं म्हणणं, त्यानं ते दुसरीकडे हलवलं. सोमवारी त्याला कोर्टात उभं करून खुनाच्या कलमाखाली पुढची कोठडी मागणार आहेत.”

मागच्या बाकावरून काहीतरी खाली पडलं. जेवणाचा डबा होता. झाकण गोल फिरत दारापर्यंत गेलं.

डबा डिंपलचा. धनराज तिचा बाप होता.

डावीकडे

व्हरांड्यात.

“शेंडे, या फाईलपुरती तू वर्गात बसू नकोस,” वर्तक सर म्हणाले. “टेपही ऐकायचा नाही. नातं असलं की कान खोटं ऐकतात. हा तुझा अपमान नाही, नियम आहे.”

“हो सर.”

“वडिलांशी बोलणं झालं?”

“आमच्याकडे फोन नाही सर. आईला काय माहीत आहे तेही मला माहीत नाही.”

सर आत गेले. डिंपल पायऱ्यांवर बसली. सरिता तिच्या शेजारी बसली.

“मी नाव काढून घेते,” डिंपल म्हणाली. “आमच्या ढिवरांच्या टोल्यावरून कॉलेजात आलेली मी पहिली. आणि माझ्याच वर्गानं माझ्या बापाला...”

“तुह्या बापानं केलं?”

“जंगूकाकानं मला पोहायला शिकवलं. बाबा आणि तो एका ताटात जेवतात.”

“हे उत्तर नाई झालं.”

“नाही,” डिंपल म्हणाली. “नाही केलं.”

“मंग सोमवारच्या आधी जाऊन पाहू. नाव मंगळवारी काढ.”

वर्गात परतल्यावर सरितानं निकेशला गाठलं.

“तू ऐकलं ते लिहिलं, का समजलं ते?”

“दोन्ही एकच होतं वं.”

“डावीकडचा कागद कुठी आहे?”

निकेश कानामागे खाजवू लागला. “तो फाडला. खेडवळ बोलणं होतं. राह्यला, टाकीन, पेरीन. मी साफ करून लिहिलं. ठाणेदाराले वाचाले सोपं जाईन म्हणून.”

“टेप दे.”

सरितानं टेप ऐकला. म्हातारा आवाज, खरखर, बॉडी, बुजवली, ट्रॅक्टर. कागदावर होतं तेच टेपवर होतं. तिला वाटलं, तिनं खात्री करून घेतली.

उजवीकडे

शनिवारी दोघी एसटीनं गडचिरोली, तिथून दुसरी गाडी. ठाण्याच्या गावी डिंपल उतरली. बापासाठी तिनं बसस्टँडवरून आलूबोंडे घेतले होते. “आत सोडले तर बोलते. नाही सोडले तर बाहेर बसते. तू पुढे जा. आईला खुनाचं सांगू नको, मी सांगेन.”

चिचटोला म्हणजे चिंचेची झाडं, त्यांच्या सावलीत घरं, आणि घरांच्या पलीकडे धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्या. सरिता आधी जंगूच्या घरी गेली. मेलेल्या माणसापासून सुरुवात करा, असं सर म्हणत.

जंगूची आई केसरबाई अंगणात सुपात लाखोरीची डाळ पाखडत होती. तिच्या कपाळावर आठी नव्हती, डोळे कोरडे होते. तिनं सरिताला बाज दिली, पाणी दिलं, वर विचारलं, “जेवली का वं?”

“आजी, मी जंगूभाऊच्या बॉडीबद्दल विचारायला आली.”

“हं. पोलीसबी आल्ते. एवढी मोठी मशीन घेऊन.” केसरबाईनं सूप झटकलं. “गेली तं गेली बाई. आता रडून का होते? त्याच्या बापानं केल्ती, लेकानं घालवली.”

सरिताचं पेन थांबलं. बापानं केली?

“तुम्हाला वाईट नाही वाटलं?”

“वाटते नं. पण धनराज काई परका नाई.”

सरितानं लिहिलं. डावीकडे: त्याच्या बापानं केली, लेकानं घालवली. उजवीकडे काय लिहावं ते सुचेना. तिनं तिथे लिहिलं: आई सामील?

बाहेर पडताना तिला दोरीवर वाळत घातलेलं लुगडं दिसलं. एक पट्टी फाडून घेतलेली, कड सरळ, हातानं मोजून फाडल्यासारखी. गळा आवळायला पट्टी पुरते. तिनं तेही लिहिलं.

बापूजी निकुरे आपल्या बांधीच्या कडेला, धुऱ्यावर, बसलेला सापडला. धनराजशी त्याचं वैर आहे, असं वाटेत दोघांनी सांगितलं होतं. त्यानं तोंड उघडताच सरितानं टेपवरचा आवाज ओळखला, पण तिनं विचारायच्या आत तोच सांगू लागला.

“फोन म्याच केला. कोणाले भेतो का? तलाठ्याले सांगतलं, सरपंचाले सांगतलं, कोणी आयकत नाई. म्हणलं पोलिसाले सांगू. पण बाई,” त्यानं आवाज खाली आणला, “मी म्हणलं दम देतीन, दंड लावतीन. त्यायनं तं माणूसच उचलून नेला. सरकार एवढं कडक झालं हे मले का मालूम?”

“माणूस गेलाय भाऊ. दम देऊन कसं भागेल?”

“कोण गेला?” बापूजीनं इकडेतिकडे पाहिलं. “माझं बोला नं. जंगूच्या बॉडीवरच माझं धान जगे. आता पुढच्या साली मी का करू?”

सरितानं डावीकडे लिहिलं आणि लिहिलेलं वाक्य पुन्हा वाचलं. माणूस चळला आहे, असं उजवीकडे लिहायला तिनं पेन टेकवलं. मग उचललं. चळलेला माणूस तलाठी, सरपंच, पोलीस असा रीतसर जात नाही.

प्रेमिला, डिंपलची आई, चुलीपुढे होती. नवरा नेल्यापासून ती नीट झोपलेली दिसत नव्हती, पण तिचा राग दुःखापेक्षा मोठा होता.

“एवढ्याशा बॉडीपायी माणूस नेला! चोर नेत नाईत, दारूवाले नेत नाईत. मी ठाण्यात गेली तं म्हणतात, जंगूच्या बॉडीची केस आहे, बाई, घरी जा. तू शिकलेली आहे नं? साहेबाले एक सांगशीन?”

“काय सांगू काकू?”

“त्याले सोडा म्हणा. मले न्या.” प्रेमिलानं फुंकणी खाली ठेवली. “जंगूची बॉडी बुजवाले मीच सांगतलं होतं.”

डावीकडे, पण लिहिलेलं नाही

सरिताला आधी डिंपल आठवली. ठाण्याच्या पायरीवर, गार झालेले आलूबोंडे मांडीवर घेऊन बसलेली. तिला आता जाऊन सांगायचं की बाप सुटेल, आई जाईल.

“कुठे?” तिनं विचारलं.

“वावरात. चाल नं, आपण पाहून येऊ.”

आणि प्रेमिला निघालीसुद्धा, पदर खोचून, जशी एखादी बाई पाहुणीला परसातली वांगी दाखवायला निघते.

वावराच्या कडेला जेसीबीनं भला मोठा खड्डा केला होता. आत काळा गाळ चमकत होता. तळाशी थोडं पाणीही झिरपून आलं होतं. सरितानं चपला काढल्या, उतारावरून खाली पाय टाकला आणि ओरडली.

तळव्यात काटा घुसला होता. तिनं तो उपटला. काळा, दोन शिंगांचा. शिंगाड्याचं टरफल.

सरांच्या यादीत ते होतंच. गाळ, शिंपले, टरफलं, जाळं. वर्गानं त्याला ‘इतर वस्तू’ म्हटलं होतं आणि वर्ग पुढे गेला होता. आता सरिता तिथेच ढेकळावर बसली. शिंगाडा पाण्यात होतो. वावरात पाणी कुठून आलं?

तिनं वही उघडली आणि दिवसभर लिहिलेल्या डाव्या रकान्यात एक शब्द खोडला. जिथे जिथे होता तिथे तिथे. जागा रिकामी ठेवली.

जंगूची ——— धनराजनं बुजवली.

काही कामाची नव्हती, नुसती वास मारे.

त्याच्या बापानं केली, लेकानं घालवली.

———वर बापूजीचं धान जगे.

एवढ्याशा ———पायी माणूस नेला.

तिच्या डाव्या रकान्यात सकाळपासून उजवीकडचा शब्द बसला होता. तो टेपवरून आलेला नव्हता, भिंतीवरच्या कागदावरून आलेला होता. कागद वाचून मग ऐकलं की कान वाचलेलंच ऐकतो. निकेशनं कागदाशिवाय ऐकलं होतं, पण निकेशच्या गावी काय आहे? कापूस.

एका शब्दावर धान जगतं. त्यात शिंगाडे होतात, मासे होतात. तो आटला की वास मारतो. माणूस तो करतो, पुढच्या पिढीला देतो. ट्रॅक्टरनं तो बुजवता येतो. प्रेत यातल्या एकाच वाक्यात बसत होतं. बाकीच्या सगळ्यांत पाणी बसत होतं.

राहिला एकच प्रश्न, आणि तो आतापर्यंत कोणी विचारलाच नव्हता. ठाणेदारानं नाही, सरांनी नाही, तिनंही नाही. त्याचं उत्तर आधीच टाइप झालं होतं.

“काकू, जंगूभाऊ कुठे आहे?”

“जंगू? मिरच्या तोडाले गेला नं, तिकडं आंध्रात. पलीकडच्या टोल्यावरच्या इसरूसंगं. माह्या घरूनच तेलाची शिशी नेली. काऊन?”

“जिवंत आहे?”

प्रेमिलानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू चळलेली हीच आहे.

“अवं बाई, मराले का झालं त्याले?”

“मग हे बुजवलं ते काय?”

“कवाची सांगून राह्यली नं तुले! बोडी. जंगूची बोडी. धानाले पाणी द्याले लहानसा तलाव नाई राहत का? पाळ फुटून फुटून, धान निघालं का त्यात पाणी थांबे नाई. नुसता चिखल. गेल्या साली गिरजाबाईची म्हैस फसून मेली त्यात. मी म्हणलं, बुजवा ते. जंगू म्हणे, बुजवा, मी येतो तवर मूग टाका, अर्धा तुमचा अर्धा माझा.”

बोडी. सरितानं मोठ्यानं म्हणून पाहिलं. ओठ पूर्ण गोल करून.

मग ती हसायला लागली. प्रेमिला घाबरली. “पाणी देऊ का वं?”

उजवीकडे, खोडून

एका शब्दानं कोठडी सुटत नाही. ठाणेदार हसला असता. सगळं गाव मिळून मेलेल्याला जिवंत करतंय, म्हणाला असता. सोमवारच्या आत जंगू हवा होता.

कुठे आहे तो? नदीपलीकडे, मिरचीच्या वावरात. पण मिरचीची वावरं शेकडो. सरिता पलीकडच्या गोंडी टोल्यावर इसरूच्या बायकोकडे, बुधरीकडे गेली. बुधरीला गावाचं नाव माहीत होतं, नवऱ्यानं सांगितलेलं. तिनं ते सांगितलं. ते तेलुगूही नव्हतं, मराठीही नव्हतं, गोंडी तोंडातून आलेलं काहीतरी होतं.

नकाशात त्यासारखी दोन-तीन नावं होती. सरिताचा हात एका नावाकडे गेला. मग तिनं नकाशा मिटला आणि बुधरीच्या तोंडून पडलं तसं, अक्षराला अक्षर, लिहून घेतलं.

ठाण्याच्या गावी डिंपल अजून पायरीवर होती. तिला आत सोडलं नव्हतं. सरितानं पळत येऊन काही न सांगता फक्त विचारलं, “डिंपल, तुमच्याकडं त्या लहान तलावाले का म्हणतात?”

“कोणत्या? बोडी?” डिंपल म्हणाली.

आणि स्वतःच्याच तोंडातला शब्द ऐकून ती उभी राहिली. आलूबोंडे पायरीवरून गडगडत गेले. तिथल्या कुत्र्याचा तो दिवस चांगला गेला.

एसटीडी बूथवरून त्यांनी सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून फक्त कागदावर पेन फिरल्याची खरखर येत होती. लाइन तुटली असं वाटलं.

“सर?”

“ऐकतोय,” वर्तक सर म्हणाले. “पहिल्यांदाच.”

त्यांनी जुन्या ओळखीतला सिरोंच्याचा एक माणूस गाठला, त्यानं नदीपलीकडच्या आपल्या मेहुण्याला फोन केला. सरितानं लिहिलेलं नाव सरांनी जसंच्या तसं वाचून दाखवलं, काही दुरुस्त न करता. मेहुणा म्हणाला, हो हो, माहीत आहे, आमच्याइथले मजूरही असंच म्हणतात.

सोमवारी सकाळी कोर्टाची गाडी निघायच्या आत जंगू आत्राम ठाण्यात हजर झाला. प्रवासानं धुळकटलेला, बोटांना लुगड्याच्या चिंध्या, चिंध्यांना तेलाचा वास. त्याच्या कपड्यांतल्या मिरचीनं खोलीतल्या सगळ्यांना शिंका येऊ लागल्या.

“नाव?”

“जंगू.”

“तू जिवंत आहेस?”

“हाव.” जंगूनं ठाणेदाराकडं काळजीनं पाहिलं. “काऊन साहेब, काई अडचण आहे का?”

ठाणेदारानं कागद पुढे ओढला. पुढचा शब्द त्यानं जपून उच्चारला. “तुझी बो-डी...”

“बुजवली का? बेस केलं. म्याच सांगतलं होतं.”

धनराजला बाहेर आणलं तेव्हा तो डिंपलकडे आधी गेला नाही, जंगूकडे गेला. “तुह्या बोडीनं लय तरास देला गा.” मग लेकीकडे वळला. “तू कायले आली? कॉलेज नाई का आज?”

डिंपलला त्याला पुष्कळ विचारायचं होतं. ती फक्त म्हणाली, “मला आत सोडत नव्हते बाबा.”

“मलेबी बाहेर सोडत नव्हते,” धनराज म्हणाला.

डावीकडे

मंगळवारी वर्तक सरांनी भिंतीवरचा कागद काढला आणि डिंपलपुढे टेप ठेवला.

“शेंडे, मी म्हणालो होतो, नात्यातले कान खोटं ऐकतात. परके कान काय ऐकतात, ते मी सांगायचं विसरलो. आता तू लिही.”

डिंपलनं रेघ मारली. डावीकडे लिहिलं: सायेब, जंगूची बोडी धनराजनं बुजवून टाकली. उजवा रकाना कोरा ठेवला.

निकेश तिच्यासमोर उभा राहिला.

“मले वाटलं, त्याले नीट बोलता येत नाई,” तो म्हणाला. “म्हणून मी नीट केलं.”

“माहीत आहे,” डिंपल म्हणाली. मग वहीतली रेघ पुन्हा गडद करत, “मीपण इथं येऊन तेच करत होती. स्वतःलाच साफ करून लिहीत होती.”

तिनं खडू घेतला आणि फळ्यावर घरचे शब्द लिहायला सुरुवात केली. बोडी. डबरा. मामा तलाव.

“मामा म्हंजे कोणाचा मामा?” निकेशनं विचारलं.

“माजी मालगुजारी, जुन्या जमीनदारांनी बांधलेले. मा, मा.”

“बाप्पा! म्हंजे उद्या कोणी फोन केला की मामात जाळं टाकलं...”

“तर तू आधी मला विचारशीन,” डिंपल म्हणाली. नाव काढून घ्यायचा अर्ज तिच्या वहीत घडी घालून होता. तिनं त्या अर्जाच्या पाठीवर शब्द उतरवून घ्यायला सुरुवात केली.

मार्चच्या एका रविवारी वर्ग चिचटोल्याला गेला. बॉडी शोधता शोधता पोलिसांनी जेसीबीनं बोडी पुन्हा खणून दिली होती, आधीपेक्षा खोल. जंगू म्हणाला, आता ठेवू या. धनराज आणि बापूजी, दोघं एका बाजूला उभे राहून फुटकी पाळ भरत होते आणि एकमेकांच्या फावडं धरायच्या पद्धतीला नावं ठेवत होते. पहिल्या पाण्याचा हक्क बापूजीच्या बांध्यांना, शिंगाडे जंगूचे, मासे धनराजचे, असं केसरबाईनं बाजेवर बसून ठरवून टाकलं. वर्तक सरांनी बूट काढून गाळात पाय घातला आणि सगळ्या वर्गानं एकदम ओरडून त्यांना थांबवलं. टरफलांमुळे.

फोन केला त्या दिवशी बापूजीनं बूथवाल्याला पंखा बंद करायला लावला होता, म्हणजे सायबाला प्रत्येक शब्द नीट ऐकू जाईल.